जेवणानंतर १२५, सकाळी उठल्यावर १४५, आणि वजनाचा काटा अडून बसलाय

अर्धविराम

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय. लांबलंय, आधीच माफी मागते.

वय ५३, उंची १५८ सेंमी. काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्ची आणि लाल पेन. मधुमेहाला सहा वर्षं होतील. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, शिवाय रक्तदाबाची एक गोळी. चार महिन्यांपूर्वी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c तपासणी) ८.४ टक्के आली, वजन ८१.२. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी पण हेच आलं तर आणखी एक गोळी वाढवावी लागेल. घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं, गोळी नाही वाढवायची, ताट बदलायचं.

तेव्हापासून भात, ब्रेड, बटाटा, साखर, फळांचे रस बंद. दिवसाला ६०-७० ग्रॅम कर्बोदकं होतात, तीही भाज्या, थोडी डाळ, दही आणि चहातलं दूध यांतून. अंडी, चीज, बदाम भरपूर. सगळं वहीत लिहिते. सवयच आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि रात्री स्वतःच्या.

पहिल्या दोन आठवड्यांत ३ किलो गेले. वाटलं लॉटरीच लागली. दहाव्या आठवड्याला ७५.१ झालं, आणि त्यानंतर सात आठवडे काटा ७४.६ आणि ७५.४ यांच्यामध्ये झोके घेतोय. खाणं तेच आहे हो, काहीही बदललेलं नाही.

साखरेचं तर वेगळंच. जेवणानंतर दोन तासांनी १२० ते १३५, जे मला सहा वर्षांत कधी दिसलं नव्हतं. आणि सकाळी उपाशीपोटी १४०, १४५, एकदा १५२. रात्रभर तोंडात काही नाही, मग ही साखर येते कुठून?

आणि तिसरी गोष्ट. मागच्या मंगळवारी सकाळी ११:४० ला एका ओळीतली अक्षरं दोन-दोन दिसायला लागली. मला वाटलं छपाईतच घोळ आहे, म्हणून खूण करायला पेन टेकवलं तर हात थरथरत होता. मानेवरून घाम. मीटरवर ५८. घाबरून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. तासाभराने बघितलं तर २१४! इतके दिवस जपलेलं सगळं त्या एका पुड्यात गेल्यासारखं वाटलं.

आहाराचं डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. रागावतील अशी भीती वाटते. पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे.

जाता जाता: पहिल्या महिन्यात जवळचं धूसर दिसायला लागलं म्हणून नवा चष्मा केला. आता तोच लागत नाही. ह्याचा साखरेशी काही संबंध असतो का?

उंटावरचा_शहाणा

तुमचा तिसरा प्रश्न आधी. बाकीचे दोन थांबले तरी चालतील, हा नाही.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला एवढंच सांगते की इन्सुलिन सोड. तुमच्या ताटात काय आहे हे ती बघायला जात नाही. तो डोस तुमचं ताट जुनं होतं तेव्हाचा आहे. आता नाश्त्याला दोन अंडी आणि दही, त्याच्या आधी तीच २ मिलिग्रॅम. मग ११:४० ला ५८ नाही येणार तर काय येणार? नुसत्या मेटफॉर्मिनवर असतात त्यांची साखर अशी सहसा पडत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या घराण्यातल्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि कर्बोदकं निम्म्याने कमी केली, तर तो आहारातला बदल राहत नाही. डोस वाढवल्यासारखंच होतं ते.

उद्या फोन करा. तीन आठवडे थांबू नका. मनाने गोळी बंद पण करू नका. वहीतली ती मंगळवारची ओळ वाचून दाखवा, पुढचं ते सांगतील.

माझा प्रकार नऊ वर्षांपूर्वीचा. सिग्नल हिरवा झाला आणि मी स्टिअरिंग धरून त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो. मागे भोंगे वाजत होते ते ऐकू येत होते, पण ते माझ्यासाठी आहेत हे कळत नव्हतं. शेजारी बसलेल्या मुलाने हँडब्रेक ओढला. नंतर मोजली तर ४९. मीसुद्धा तेव्हा नव्या उत्साहात ताट बदललं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

बिस्किटांबद्दल. ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या, नाहीतर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून. मग १५ मिनिटं गप्प बसायचं, परत मोजायचं. अजूनही ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. बिस्किटं, चॉकलेट यांत तूप-तेल असतं, त्यामुळे साखर रक्तात पोचायला उशीर लागतो. आपण घाबरून खातच सुटतो आणि मग सगळं एकदम चढतं. पुडा संपवलात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मेंदूला साखर कमी पडते तेव्हा तो बिस्किटं मोजत बसत नाही.

नवजोमाने

अहो ताई, इतकं कशाला घाबरताय? गोळ्या हाच खरा आजार आहे. मी दीड महिन्यात सगळ्या बंद केल्या, रोज २० ग्रॅमच्या आत कर्बोदकं, एकदम फिट! डॉक्टर लोकांना आपण बरे झालेले परवडत नाही.

सूक्ष्मदर्शी

नवजोमाने, तुम्हाला लागू पडलं याचा आनंद आहे. पण तुम्ही कुठल्या गोळ्या बंद केल्या, त्याआधी साखर किती होती, आत्ता तीन महिन्यांची किती आहे, यातलं काहीच लिहिलेलं नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्या एखाद्याने तुमचं वाचून तसंच केलं तर त्याला दवाखान्यात न्यावं लागेल. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतच नाही अशा मधुमेहात तर ते जिवावर बेतेल.

अर्धविराम, मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर नाही, पण तुमच्यासारख्या वह्या रोज बघते.

सकाळची साखर यकृतातून येते. पहाटे शरीर उठायची तयारी करतं, कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन वगैरे वाढतात आणि यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडतं. मधुमेह नसलेल्या माणसाचं स्वादुपिंड लगेच थोडं इन्सुलिन सोडून ते सांभाळून घेतं, आपलं कमी पडतं. शिवाय बरेच दिवस कर्बोदकं कमी खाल्ली की स्नायू चरबीवर चालायला शिकतात आणि सकाळची साखर घ्यायला जरा कुरकुर करतात. त्यामुळे कमी कर्बोदकांवर असणाऱ्यांमध्ये सगळ्यात हट्टी आकडा बहुतेक वेळा सकाळचाच असतो, आणि सगळ्यात शेवटी तोच हलतो.

पण हे गृहीत धरू नका, मोजा. तीन-चार रात्री झोपताना, पहाटे ३ ला आणि उठल्याबरोबर. पहाटे ३ ला ठीक आणि सकाळी चढलेली असेल तर वर लिहिलंय तेच. झोपतानाच जास्त असेल तर रात्रीचं जेवण तपासा. आणि ३ ला फारच खाली दिसली तर मात्र तो आकडा डॉक्टरांना आधी सांगा.

मोजण्यापूर्वी हात साबणाने धुवून कोरडे करा. फळ सोलून तसंच बोट टोचलं की मीटर फळाची साखर मोजतं. हसू नका, आठवड्याला एक तरी असा येतो. आणि चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत चूक माफ असते. तेव्हा १४० आणि १४५ यांत फरक शोधत बसू नका, तो स्ट्रिपचा आहे.

चष्मा: संबंध आहे. साखर वर-खाली होते तसं डोळ्यातल्या भिंगातलं पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर सरकतो. साखर झपाट्याने उतरली की काही आठवडे जवळचं धूसर दिसतं, मग आपोआप निवळतं. साखर एका जागी टिकेपर्यंत नवा चष्मा करायचा नाही, हे तुम्हाला आधी कुणी सांगायला हवं होतं. त्याहून महत्त्वाचं, डोळ्याचा पडदा तपासून घ्या. आधीपासून पडद्यावर मधुमेहाचा परिणाम असेल तर साखर फार वेगाने उतरताना तो काही काळ वाढू शकतो.

आणि सहा वर्षं मेटफॉर्मिन घेताय, त्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, तर त्याची तपासणी कधी केलीय?

तोलूनमापून

वजनावर मी बोलतो, कारण माझंही असंच १४ महिने अडलं होतं.

पहिल्या दोन आठवड्यांतले ३ किलो म्हणजे बहुतेक पाणी. यकृत आणि स्नायूंमध्ये साखरेचा जो साठा असतो, त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. कर्बोदकं बंद केली, साठा वापरला गेला, पाणी निघून गेलं. लॉटरी नव्हती, ॲडव्हान्स होता.

त्यानंतरचे तीनेक किलो खरे. आणि मग थांबलं, कारण तुम्ही कर्बोदकं मोजताय, खाणं मोजत नाही. “बदाम भरपूर” असं तुम्हीच लिहिलंय. कृपा करून आज रात्री हात डब्यात घाला, नेहमीसारखी मूठ भरा आणि तोंडात टाकायच्या आधी वजनकाट्यावर ठेवा. १०० ग्रॅम बदामांत जवळपास ५८० कॅलरी असतात. साखर त्यांनी फारशी वाढत नाही हे खरं, पण चरबी कमी व्हायला हवी असेल तर मीटर खूश असून भागत नाही.

‘कर्बोदकं कमी की चरबी कमी’ या भांडणावर स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६०९ माणसं, वर्षभर, निम्म्यांना एक आहार, निम्म्यांना दुसरा. एका गटाचं सरासरी ६ किलो उतरलं, दुसऱ्याचं ५.३. फरक नसल्यातच जमा. त्या लोकांना मधुमेह नव्हता, तेव्हा साखरेबद्दल त्यातून काही काढू नका, वजनाबद्दल काढा.

मधुमेह असलेल्यांवरचा माझा आवडता अभ्यास ब्रिटनमधला, डायरेक्ट नावाचा, २०१७ चा. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या पेयावर ठेवलं, नंतर हळूहळू जेवण सुरू केलं. वर्षाने ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात ८६ टक्के. आणि गंमत बघा, त्या पेयात निम्म्याहून जास्त ऊर्जा कर्बोदकांचीच होती! काम केलं ते वजनाने. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले होते, हेही सांगायला हवं. आणि ते सगळं देखरेखीखाली, औषधं आधी थांबवून. घरी करून बघू नका.

म्हणून मी कर्बोदकांविरुद्ध आहे असं नाही. मीही १०० ग्रॅमच्या आसपासच खातो, कारण त्याने मला भूक कमी लागते आणि जेवणानंतरची साखर आटोक्यात राहते. एवढंच. त्यात जादू नाही.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. नवजोमाने, तुमचेही, पण तुमचं ऐकत नाहीये.

फोन केला. अर्धा तास हिय्या करून. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “हे मला चार महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्लिमेपिराइड उद्यापासून १ मिलिग्रॅम, रोज सकाळी अकराला मोजायचं, दोन आठवड्यांनी वही घेऊन जायचं. रक्तदाबही मोजायला सांगितला. कर्बोदकं कमी केली की शरीरातून मीठ आणि पाणी जास्त जातं, त्यामुळे तीही गोळी जड होऊ शकते म्हणे. आणि मी इतके दिवस खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे येणाऱ्या अंधारीला कामाचा ताण समजत होते!

पहाटे ३ चा गजर लावला. नवरा आता वेगळ्या खोलीत झोपतो. चार रात्री:

झोपताना ११८, ३ वाजता ११२, ६:३० ला १४१.
झोपताना १२४, ३ वाजता ११५, ६:३० ला १३८.
झोपताना १३३ (उशिरा जेवले), ३ वाजता १२७, ६:३० ला १५०.
झोपताना ११६, ३ वाजता १०९, ६:१० ला १३४, आणि काही न खाता ८:३० ला पुन्हा मोजली तर १४९. म्हणजे उपाशी राहून उतरायची तर बातच नाही, वरच चालली होती.

तोलूनमापून, मूठ मोजली. ६२ ग्रॅम. वहीत चार महिने मी तिला ३० ग्रॅम लिहीत आलेय. म्हणजे संध्याकाळी चाळा म्हणून साडेतीनशेहून जास्त कॅलरी, आणि मी काट्यावर चिडत होते. चीजचं वजन अजून केलं नाही. हिंमत होत नाही.

शेवटचा_बाक

वाचतोय. माझा एक प्रश्न. मी मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनवर आहे. त्यातली कुठलीच साखर पाडणारी नाही ना? मग मी डोस न बदलता ६० ग्रॅमवर येऊ शकतो का?

उंटावरचा_शहाणा

नाही! तुमचा धोका वेगळा आहे आणि तो मीटरवर दिसत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात. त्यात वरून कर्बोदकं फार कमी केली, किंवा उपास केला, किंवा आजारी पडून खाणं सुटलं, तर रक्तात कीटोनचं (चरबी जळताना तयार होणारं) आम्ल साचू शकतं. नेहमी असं होतं तेव्हा साखर ३००-४०० दिसते आणि माणूस धावतो. या गोळ्यांवर साखर १८० असतानाही होऊ शकतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१५ सालीच यावर इशारा दिलाय. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं यातलं काही झालं तर साखर चांगली आहे म्हणून घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव सांगा.

आहार बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोला. आधी, अर्धविराम ताईंसारखं चार महिन्यांनी नाही. (ताई, राग मानू नका.)

अर्धविराम

नाही मानत. खरं तेच लिहिलंत.

---

अर्धविराम (तीन महिन्यांनंतर)

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून कळवते.

ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवर पाच आठवडे होते, मग बंद झाली. मेटफॉर्मिन चालू आहे. रक्तदाबाची गोळी निम्मी झाली, अंधारी गेली. तीन महिन्यांची साखर ६.६. सूक्ष्मदर्शी, तुमच्यामुळे बी-१२ केलं, ते १६० निघालं. इंजेक्शनं झाली, आता गोळी. पायांच्या बोटांना मुंग्या यायच्या त्या बऱ्याच कमी झाल्यात. मी त्या सगळ्या मधुमेहाच्या खात्यावर टाकल्या होत्या. पडद्यावर एका डोळ्यात अगदी सुरुवातीचे ठिपके आहेत, सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

एक गोष्ट बिघडली: वाईट कोलेस्टेरॉल ११८ वरून १४१ झालं. डॉक्टरांनी चीज आणि लोणी कमी करून तीन महिन्यांनी परत बघू म्हटलंय, नाही उतरलं तर त्याची गोळी. तेव्हा शेवटी चीजचंही वजन करावंच लागलं. मूठ बरी म्हणायची वेळ आली.

वजन ७२.३. हळू, पण काटा हलतोय. कर्बोदकं आता ९०-१०० ग्रॅम खाते, डाळ वाढवली, रोज एक सफरचंद. ६० वर असताना मी दिवसभर खाण्याचाच विचार करत असायचे आणि रात्री बदामांवर तुटून पडायचे, हे वही मागे उलटून वाचल्यावर लक्षात आलं. बदाम आता सकाळीच वीस ग्रॅम मोजून छोट्या डबीत भरते, मोठा डबा वरच्या फळीवर, जिथे माझा हात पोचत नाही.

सकाळची साखर अजून १२२ ते १३० असते. रात्रीचं जेवण दीड तास आधी आणलं, नंतर वीस मिनिटं चालते, त्याने दहाएक आकडे उतरले. बाकी यकृताने ऐकलं नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांची साखर उतरतेय तर त्या एका आकड्याच्या मागे लागू नका. मी तरी रोज बघतेच.

नंबर स्थिर झाला. पहिल्या महिन्यात घाईने केलेला चष्मा कायमचा बाद, आणि त्याच्या आधीचा जुनाच परत लागायला लागलाय.

ग्लुकोजच्या गोळ्या टेबलाच्या खणात लाल पेनांच्या शेजारी ठेवते. मला या तीन महिन्यांत एकदाही लागल्या नाहीत, तरी पुडी दोनदा नवी आणावी लागली. शेजारी बसणारा आमचा मांडणीकार चार वाजता भूक लागली की एकेक काढून खातो.